पुरात बसलेली पद्मिनी: पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक पूर्ण उघडायचेत, सल्ला हवा (सांगली)

कृष्णाकाठची_पद्मिनी (मूळ पोस्ट)

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात राहतो. काकांची प्रीमियर पद्मिनी आहे घरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा गाडी खालच्या शेडमध्येच राहिली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर, त्या गडबडीत माणसं, जनावरं आणि कागदपत्रं बाहेर काढली, गाडीकडं बघायला कुणाला सवड होती. पुढं एका गॅरेजमध्ये इंजिन उघडून धुवून सुरू करून दिलं, सीट बदलल्या, बाहेरून रंग मारला आणि गाडी परत शेडमध्ये उभी. चाकांच्या आतलं कुणी उघडूनच बघितलं नाही.

आता गाडी माझ्याकडं आलीय. प्रदर्शनात उभी करायची नाहीय, चालवायची आहे. रोज सांगली-मिरज आणि सणासुदीला साताऱ्याला बहिणीकडं. सध्या काय काय होतंय ते सांगतो. पन्नासच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडं खेचते. पेडल पहिल्या दाबाला बरंच खाली जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं. पुढचं उजवं चाक उचलून हातानं फिरवलं तर जड लागतं. ग्रीस निप्पलला गन लावली तर काही ठिकाणी ग्रीस आत जातच नाही, बाहेरच फेकतं.

एका फिटरनं बघितल्या बघितल्या सांगितलं, किंग पिनचं (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचं) किट टाका आणि पुढं डिस्क ब्रेक बसवून घ्या, ड्रम ब्रेकचा जमाना गेला. मला घाई करायची नाहीय. उघडायच्या आधी काय तपासावं, कुठल्या क्रमानं जावं आणि डिस्कचं खरं काय, हे जाणकारांनी सांगावं.

दहा_अकराचा_पाना

मिरजेतनं लिहितोय. आयुष्य फियाट आणि अॅम्बेसेडरच्या खाली गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

किट मागवायच्या आधी गाडी जॅकवर घ्या आणि नुसतं हातानं बघा. स्प्रिंग ज्या आर्मवर बसलीय त्या आर्मखाली जॅक लावा, घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. आता चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातले बारा आणि सहा, हलवा. खडखड लागली तर आत एकाला बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर ती व्हील बेअरिंगची होती. ब्रेक दाबूनही राहिली तर किंग पिन नायतर आर्मचे जोड. कारण ब्रेक लागला की शू (ड्रमच्या आतले अर्धगोल तुकडे) ड्रमला धरतात आणि चाकाचा हब मागच्या न फिरणाऱ्या बॅकप्लेटला बांधल्यासारखा होतो, बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, त्यात लपतो, किंग पिनचा लपत नाही. हे एवढं न बघता लय लोकांनी चांगल्या किंग पिन काढून टाकल्यात.

मग नऊ आणि तीनला धरून हलवा. तिथं ढिलं लागलं तर टाय रॉड एंड, आयडलर किंवा स्टिअरिंग बॉक्स. कुठला ते कळायला एकानं चाक हलवायचं आणि दुसऱ्यानं प्रत्येक जोडावर बोटं ठेवायची. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

पेडलचं तसंच. पंप केल्यावर वर येऊन कडक उभं राहतंय का? मग शू ड्रमपासून लांब गेलेत, अॅडजस्टमेंट नाही. वर येऊनही स्पंजासारखं दबतंय? मग हवा. आणि पाय तसाच ठेवला तर हळूहळू खाली बसत जातंय? मग कुठंतरी गळतंय, नायतर मास्टर सिलेंडरचा (पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या सिलेंडरचा) वायसर, म्हणजे रबरी सील, आतल्या आत तेल सोडतोय. तीन वेगळी दुखणी आहेत, तीनही पेडल खाली जातंय याच एका वाक्यात सांगतात लोक.

खेचण्याबद्दल एक. डावीकडं खेचते म्हणून डावं चाक उघडायला जाऊ नका. ज्या बाजूचा ब्रेक नीट काम करतोय त्या बाजूला गाडी जाते. तुमचं उजवं चाक जड फिरतंय आणि खेचते डावीकडं, म्हणजे उजव्या बाजूचा व्हील सिलेंडर, शू ढकलणारा, जाम झालेला असणार, थोडा लागून बसलाय आणि पाय दिला की पुढं सरकत नाही.

कराडचा_रोडस्टर

दादांनी सगळं बरोबर सांगितलं पण मी डिस्कच्या बाजूनं बोलतो. माझ्या मित्राच्या गाडीत दुसऱ्या छोट्या गाडीची डिस्क बसवलीय, पावसात भिजल्यावर ड्रम कसे धरत नाहीत ते सगळ्यांना माहितीये, डिस्कला तो त्रास नाही, पॅड पाच मिनिटांत बदलतात. आजच्या ट्रॅफिकमध्ये समोरचा एबीएसवाला कचकन थांबतो तेव्हा आपण ड्रमवर थांबणार कसे? सेफ्टीचा विषय आहे.

लेथवाला_कुपवाड

रोडस्टर भाऊ, सेफ्टीचा विषय आहे म्हणूनच नको म्हणतो. मी कुपवाड एमआयडीसीत टर्निंगचं काम करतो, अशा बदललेल्या गाड्या माझ्याकडं दुरुस्तीला येतात म्हणून सांगतो.

ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेनं बसलेला शू ड्रमच्या फिरण्यानंच स्वतःला आणखी आत ओढून घेतो, त्यामुळं कमी जोरात जास्त ब्रेक मिळतो. डिस्कमध्ये हे होत नाही, पॅड जेवढं दाबाल तेवढंच धरतं. म्हणून डिस्कवाल्या गाड्यांना बहुतेक पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असतो. पद्मिनीला बूस्टर नाही. नुसती डिस्क लावली की पेडल दगडासारखं होतं आणि गाडी पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबते.

दुसरं मास्टर सिलेंडर. ड्रमच्या मास्टरमध्ये बऱ्याचदा तेल बाहेर जायच्या टोकाला एक व्हॉल्व असतो, तो लाईनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो म्हणजे व्हील सिलेंडरच्या कडेनं हवा आत जात नाही. ते प्रेशर डिस्कला गेलं की पॅड कायम घासत राहतात, डिस्क तापते. शिवाय कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं, जुन्या मास्टरचा स्ट्रोक पुरत नाही. म्हणजे मास्टर बदला, बूस्टर घाला, पुढचा-मागचा तोल परत बसवा. आणि कॅलिपर धरायला स्टब अॅक्सलवर पट्टी वेल्ड करतात, ते वेल्डिंग बघितलं की माझा हात थरथरतो. ज्या तुकड्यावर चाक उभं आहे त्याला ताव द्यायचा नसतो.

कायद्याचंही बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारणार.

१०८९ सीसीचं इंजिन आहे. या वजनाला आणि या वेगाला चांगले लावलेले चार ड्रम भरपूर होतात. आज मिळणारे बहुतेक ड्रम नीट लावलेलेच नसतात, म्हणून ड्रम वाईट वाटतात.

कराडचा_रोडस्टर

व्हॉल्वचं माहीत नव्हतं. मित्राची गाडी हायवेला गेली की पुढची चाकं तापतात खरी, तो बेअरिंगवर संशय घेत होता. सांगतो त्याला.

सातारी_घाटवाट

साताऱ्याला येणार आहात तर घाटाचं मी सांगतो, पसरणी आणि यवतेश्वर दोन्ही पद्मिनीनं केलेत. कितीही चांगले ब्रेक केले तरी उतारावर ड्रम तापतो हे धरून चालायचं. ज्या गियरनं चढलो त्याच गियरनं उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून रांगत यायचं नाही. दाबायचा, वेग कमी करायचा, पूर्ण सोडायचा.

आणि तापल्यावर पेडल काय सांगतंय ते ओळखा. ड्रम तापून फुगला की शूपासून लांब जातो, पेडल खाली जातं पण खाली गेल्यावर कडक लागतं. शूवरचा लायनर तापून गुळगुळीत झाला तर पेडल वर आणि कडकच असतं पण गाडी थांबत नाही. आणि पेडल एकदम मऊ होऊन फरशीला टेकलं तर ब्रेक ऑइल उकळलंय, तिथं लगेच गियर खाली घ्या, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या कडेला लावा, तासभर हलवू नका. गाडीत पुराचं पाणी गेलं होतं म्हणताय, म्हणून हे तिसरं मुद्दाम लिहिलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलं की १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तुमच्या टाकीच्या झाकणाला हवेचं छिद्र असतंच, आणि टाकी पाण्याखाली होती.

कृष्णाकाठची_पद्मिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्कचा विषय माझ्यापुरता संपला. दादा, तुम्ही सांगितलं तसं बारा-सहा, नऊ-तीन करून बघितलं. डाव्या बाजूला ब्रेक दाबला की खडखड निम्मी जाते निम्मी राहते, म्हणजे बेअरिंग आणि किंग पिन दोन्ही. उजव्या बाजूला काहीच हलत नाही, मी खूश झालो होतो, पण शेजारच्या फिटरनं स्टिअरिंग वळवून दाखवलं, उजवा स्टब वळतानाच अडतोय. प्ले नाही कारण पिन गंजून बुशमध्ये (पिन जिच्यात फिरते त्या पितळी नळीत) धरलीय.

पुढचं सगळं उघडायला घेतलंय. उघडल्यावर काय निघालं ते लिहितो.

ड्रम निघता निघत नव्हता, आतून शूनी खाच पाडलीय आणि कडेला ओठ आलाय त्यात अडकत होता. अॅडजस्टर मागं घेतल्यावर आला. आत वाळलेला गाळ. कृष्णेची ती काळी बारीक माती, शूच्या वर, स्प्रिंगच्या वेढ्यात, बॅकप्लेटच्या कोपऱ्यात खपली होऊन बसलेली, नखानं काढली तर पापुद्रे निघतात. हबमधलं ग्रीस दुधासारखं पांढरट, म्हणजे पाणी आणि ग्रीस एकजीव झालेलं. उजव्या व्हील सिलेंडरचा एक पिस्टन हलतच नाही, रबरी टोपी काढली तर खाली तांबूस चिखल. डावीकडचा लायनर वरून काळा चकचकीत. हे सगळं एवढी वर्षं रंगाच्या आत होतं.

दहा_अकराचा_पाना

थांबा. गाळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका! जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असतो, ती धूळ छातीत जाते आणि परत निघत नाही. पाणी मारून, ओलं करून, फडक्यानं पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका. मास्क लावा. आमच्या पिढीनं तोंडानं फुंकून ड्रम साफ केलेत, तुम्ही करू नका.

आणि स्प्रिंग काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे ती दाबून धरायचं हुकाचं हत्यार, लावल्याशिवाय आर्मचा बोल्ट सोडायचा नाही. नुसता जॅक खाली घेऊन स्प्रिंग काढणारे बघितलेत, जॅक सरकला तर ती स्प्रिंग माणूस मारते. दोन बाजूंनी हुक घाला, सारखे सारखे आवळा, समोर उभं राहू नका.

उत्तरपाडा_मार्क३

अॅम्बेसेडरवाला आहे, मध्ये बोलतो. आमच्याकडं कॉइल स्प्रिंगच नाही, पुढं टॉर्शन बार आहे, त्यामुळं अॅम्बेसेडरचा व्हिडिओ बघून पद्मिनी उघडू नका आणि उलटंही नको. पण एक गोष्ट दोन्हीला लागू आहे, डावं-उजवं मिसळायचं नाही. आमचा डावा बार उजवीकडं लावला तर पिळाची दिशा उलटी होते आणि बार तुटतो. तुमच्याकडं आर्मच्या मागून शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) निघाल्या तर कुठल्या बोल्टाला किती होत्या ते चिठ्ठी बांधून ठेवा, कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाचा तिरकेपणा, त्याच्यावरच उभं असतं.

विश्रामबाग_वाचक

मला मेकॅनिकमधलं फार कळत नाही पण धागा आवडीनं वाचतोय. प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केली आणि आपल्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे. ही गाडी नीट होऊन कॉलेजवरून जावी असं फार वाटतं.

नाना_पेठ_फेरी

पार्टचं कुणी बोललंच नाही. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग ७२ ला प्रेसिडेंट, ७४ पासून पद्मिनी, पुढचं काम बरंचसं तेच चालत आलं, त्यामुळं पार्ट अजून मिळतात. पण एक लक्षात घ्या, इतकी वर्षं हे पार्ट मुंबईच्या टॅक्सीमुळं बनत होते. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, त्यामुळं खप आटलाय, नवीन माल कमी आणि जुना पडून राहिलेला माल जास्त. जुना स्टॉक किंग पिनला चांगला, लोखंड खराब होत नाही. पण रबर कधीही जुन्या स्टॉकचं घेऊ नका, डब्यात राहून कडक झालेलं असतं. वायसर, होज पाईप, बुश हे ताजंच घ्या. वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की परत द्या. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊसचा भाग, दोन्हीकडं फिरलात तर मिळेल. जाताना जुना पार्ट खिशात घेऊन जा, नावावर घेऊ नका.

कृष्णाकाठची_पद्मिनी

नाना पेठेतनं किंग पिन दोन्ही बाजूच्या आणल्या, बुश, थ्रस्ट वॉशर, आर्मचे रबर बुश, चारी चाकांचे वायसर, तिन्ही होज. स्प्रिंगची उंची मोकळी मोजली, डावी उजवीपेक्षा चांगलीच बसलीय, जोडीच बदलतोय. पुढच्या क्रॉस मेंबरला हातोडीनं ठोकून बघितलं, आवाज सगळीकडं टणक आहे, आतला गाळ पाण्याचा पाईप लावून काढला, वाळल्यावर आतून मेणाचं कोटिंग मारलं.

आता प्रश्न किंग पिनचा. बुश ठोकून बसवून पिन घातली की झालं का?

लेथवाला_कुपवाड

नाही! आणि पुढच्या कामातलं सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं काम हेच आहे.

बुश हातोडीनं ठोकायचा नाही, प्रेसवर बसवायचा, नायतर वाईसमध्ये खाली-वर सपाट तुकडा ठेवून हळूहळू आवळायचा. बसवण्याच्या आधी बुशला पडलेलं ग्रीसचं भोक स्टबच्या निप्पलच्या भोकासमोर आणून खूण करायची. हे चुकलं की निप्पलमधून एक थेंब आत जात नाही. तुमच्या गाडीत काही निप्पल ग्रीस बाहेर फेकत होते म्हणालात ना, जुने बुश काढल्यावर तिथं बघा, माझी खात्री आहे एखाद्याचं भोक फिरवून बसवलेलं असणार.

बसवल्यावर बुश आवळला जातो, पिन आत जाणार नाही, ते बरोबरच आहे. मग रीमर, म्हणजे भोक थोडं थोडं कापून मापात आणायचं हत्यार, मारायचा. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरनं एका रेषेत, वेगवेगळा मारला तर दोन्ही भोकं स्वतःपुरती बरोबर पण एकमेकांना तिरकी होतात, पिन अडते आणि वळताना स्टिअरिंग जड. थोडा थोडा कट घ्या, प्रत्येक वेळी पिन तेल लावून घालून बघा. पिन अंगठ्यानं दाबून, हातोडी न लावता, सावकाश आत गेली पाहिजे आणि आडवी हलवली तर काहीच लागलं नाही पाहिजे. ते जमलं की थांबायचं. एक फेरा जास्त झाला तर नवा बुश भंगारात.

लांब रीमर सगळ्यांकडं नसतो. आमच्याकडं या, नायतर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात कुणीही करून देईल.

ड्रमही घेऊन या. ड्रम हबवर चढवूनच लेथला लावणार, नुसता ड्रम चकमध्ये धरला तर तो चकच्या मध्याला गोल होतो, गाडीवर गेल्यावर परत वाकडा. पुढचे दोन्ही सारख्या मापाला आणायचे, एकच टर्न करून दुसरा तसाच ठेवला तर खेचणं जायचं नाही. आणि फार पातळ झाला असेल तर मी करणारच नाही, दुसरा शोधा.

कृष्णाकाठची_पद्मिनी

तुम्ही म्हणालात तेच निघालं. डाव्या बाजूच्या खालच्या बुशचं भोक निप्पलच्या जवळजवळ काटकोनात होतं, निप्पलच्या समोर पितळेची कोरी भिंत. पुराच्याही आधीचं काम असणार ते, म्हणजे त्या पिनला ग्रीस मिळालेलंच नव्हतं.

कुपवाडला समोर बसून रीमिंग बघितलं. शेवटच्या फेऱ्यानंतर पिन स्वतःच्या वजनानं नाही पण बोटाच्या दाबानं आत गेली, आणि स्टब बोटानं ढकलला तर थांबत थांबत फिरतो, लटकत नाही. इतकं समाधान मला इंजिन सुरू झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

उजवा व्हील सिलेंडर होन करून, म्हणजे आतून घासून, बघितला, खड्डे खोल आहेत, बोटाच्या नखाला लागतात, म्हणून पुढचे दोन्ही नवे घेतले.

दहा_अकराचा_पाना

चांगलं केलंत. खड्ड्यावर नवा वायसर घातला तर पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

जोडताना या गोष्टी बघा. आर्मचे रबर बुश असतील त्यांचे बोल्ट चाक लटकलेलं असताना पूर्ण आवळायचे नाहीत. हातानं लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोनदा दाबून हलवा, मग आवळा. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं, वर गाडीची उंचीही खोटी दिसते. स्प्लिट पिन जुनी परत वापरायची नाही. ब्रेकचे रबर पेट्रोल किंवा रॉकेलनं धुवायचे नाहीत, फुगतात, ब्रेक ऑइलच लावून बसवा. इंजिन ऑइल लागलेलं बोटही नको.

जुने होज बदलताय ते फार बरं. जुना होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सुजून बंद होतो, पाय दिला की जोरात तेल जातं, पाय काढला की परत येत नाही, चाक धरून बसतं. लोक सिलेंडर बदलत राहतात.

नवीन लायनरच्या दोन्ही टोकांना कानशीनं थोडा उतार द्या, नायतर किंचाळतात.

हवा काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकीतलं तेल कमी होऊ द्यायचं नाही, काढलेलं तेल परत टाकीत ओतायचं नाही. पूर्ण यंत्रणा उघडलीच आहे तर सगळं नवीन डॉट ४ भरा. आणि सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उचलतं.

कराडचा_रोडस्टर

याच्यात एक माझाही प्रश्न घुसवतो. माझी स्वतःची डिलाइट आहे, ड्रमचीच. घरातनं निघताना ब्रेक छान, आठ-दहा किलोमीटर गेलं की पेडल वर वर येत जातं आणि गाडी स्वतःच ब्रेक लागल्यासारखी जड होते. अर्धा तास उभी केली की परत ठीक. चारही चाकं तापतात.

दहा_अकराचा_पाना

चारही म्हणालात तिथंच उत्तर आलं. एक चाक असतं तर होज नायतर सिलेंडर म्हटलं असतं. पेडल आणि मास्टरच्या मधल्या पुशरॉडला मोकळीक आहे का बघा. पेडल हातानं दाबलं तर सुरुवातीला थोडं रिकामं हललं पाहिजे, रॉडपाशी मिलिमीटर-दोन मिलिमीटर. मास्टरच्या आत पिस्टनच्या अगदी पुढं सुईएवढं एक भोक असतं, पाय काढल्यावर जास्तीचं तेल त्याच्यातनं टाकीत परत जातं. रॉड घट्ट लावला असेल तर वायसर त्या भोकावरच उभा राहतो. तेल तापून फुगतं, परत जायला वाट नाही, मग शू बाहेर येतात, आणखी तापतात. गार झालं की सुटतं. कुणीतरी पेडल खाली जातंय म्हणून रॉड लांब केला असणार.

कराडचा_रोडस्टर

दादा, तेच होतं!! रॉडला अजिबात मोकळीक नव्हती. सोडला, आज उंब्रजपर्यंत जाऊन आलो, चाकं नुसती कोमट. मागच्या महिन्यात एकानं मास्टर बदलून पैसे घेतले होते.

कृष्णाकाठची_पद्मिनी

गाडी चाकांवर आली. सगळं बसवलं, बुशचे बोल्ट उतरवल्यावरच आवळले, पुशरॉडची मोकळीकही बघून घेतली (रोडस्टर भाऊ तुमच्या प्रश्नाचा मला फायदा झाला). ग्रीस भरताना गाडी जॅकवर घेतली, म्हणजे थ्रस्ट वॉशरवरचं वजन निघतं आणि ग्रीस तिथपर्यंत पोचतं. चारही निप्पलमधून आत गेलेलं ग्रीस पिनच्या कडेनं बाहेर येताना दिसलं.

अलाइनमेंटवाल्याकडं जायच्या आधी दोन्ही बाजूंची उंची हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली, सारखी आहे. अलाइनमेंट झाली.

नवीन लायनर ड्रमला पूर्ण टेकायला वेळ लागतो म्हणून आधी माधवनगर रोडला सावकाश, मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून वीसवर आणायची, मग थोडं गार होऊ द्यायचं, असं करत राहिलो. नंतर अॅडजस्टर परत एकदा लावले. आता पेडल पहिल्याच दाबाला वर धरतं, स्टिअरिंग सोडून ब्रेक दाबला तरी गाडी सरळ थांबते. साठला थरथर नाही.

काल साताऱ्याला गेलो आणि यवतेश्वर घाट चढून उतरलो. घाटवाट भाऊंनी सांगितलं तसं दुसऱ्या गियरवर, दाबायचं आणि पूर्ण सोडायचं. खाली आल्यावर पेडल थोडंसं खाली गेलं होतं पण कडक होतं, म्हणजे ड्रम फुगलेला, बाकी काही नाही. बोगद्यापाशी थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. पुढची दोन्ही सारखी गरम. मागचं उजवं बरं. मागचं डावं मात्र पुढच्यांपेक्षाही जास्त तापलंय, आणि गार झाल्यावर जॅकवर फिरवलं तर थोडं घासतंय. मागचा होज आणि वायसर नवे आहेत. आता तिथं काय बघू?

सातारी_घाटवाट

घाट नीट उतरलात, छान वाटलं वाचून. पुढच्या वेळी येताना आधी कळवा.

दहा_अकराचा_पाना

मागं एकच चाक आणि हायड्रॉलिकचं सगळं नवं, मग हँडब्रेकची केबल बघा आधी. ती पण पाण्यात होती आणि तुमच्या यादीत कुठं आली नाही. चाक वर घ्या, ब्रेकचा हवा काढायचा निप्पल उघडा, चाक तरीही घासतंय तर तेलाचा संबंध नाही. मग ड्रम काढून आतला हँडब्रेकचा लिव्हर हातानं मागं येतोय का बघा. लिव्हर मोकळा असेल आणि केबल सरकत नसेल तर केबलमध्ये तेल सोडत बसू नका, आत गंजून तारा सुटलेल्या असतात, नवीन टाका. आणि नवीन टाकल्यावर आधी शूची अॅडजस्टमेंट, मग केबल. उलटं केलं तर केबल शूला कायम ओढून धरते आणि परत इथंच याल.

कृष्णाकाठची_पद्मिनी

निप्पल उघडला, चाक तसंच घासतंय. केबलच आहे. रविवारी ड्रम काढतो.